खणाच्या फ्रॉकला तीन झालरी : कामाच्या नोंदी

२० सप्टेंबर २०२५

दिवाळीसाठी सात वर्षांच्या भाचीचा फ्रॉक शिवायला घेतला आहे. बॉडी अंजिरी खणाची आणि खालच्या घेरावर मोतिया रंगाच्या मलमलीच्या तीन झालरी, एवढे आज पक्के झाले. खण मूळचा चोळीसाठी विणला जाणारा कपडा आहे. बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे त्याचे जुने घर, आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या तो ओटीत, चोळीत आणि मुलींच्या परकर-पोलक्यात वापरला गेला आहे. पोत घट्ट असल्यामुळे तो अंगाबरोबर वाहत नाही, उभा राहतो. त्यामुळे बॉडीला तो शोभतो, पण झालरींसाठी त्याच्या उलट स्वभावाचे, पडणारे आणि हलणारे कापड हवे, असे माझे मत आहे. अंतिम निर्णय मात्र दोन्हींचे नमुने शिवून पाहिल्यावरच घ्यायचा.

तुळशीबागेजवळच्या दुकानातून दोन मीटर मलमल, आतल्या घेरासाठी दीड मीटर केंब्रिक (घट्ट विणीचे सुती कापड) आणि खणाचा एक तुकडा घेतला. मलमल घेताना ती हातात चुरगाळून पाहिली. खळ जास्त असलेली मलमल दुकानात सुरेख दिसते, पण एका धुण्यात लोळागोळा होते, म्हणून कमी खळीची आणि जरा घट्ट विणीची निवडली.

झालरी नुसत्या कमरेला जोडून सोडायच्या नाहीत. आत केंब्रिकचा सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा घेर असेल आणि त्याच्यावर एकाखाली एक अशा तीन झालरी बसतील. तिन्ही थर एकमेकांनाच जोडले तर खालच्या थराचे सगळे वजन वरच्या चुण्यांवर येते आणि काही महिन्यांत त्या ओघळतात. आतला घेर असला की प्रत्येक झालर आपापल्या रेषेवर टांगलेली राहते, तिचे ओझे दुसरीवर पडत नाही. कापड थोडे जास्त लागते, पण लहान मुलीला आतून आपोआप अस्तरही मिळते.

२१ सप्टेंबर

तिन्ही कापडे वेगवेगळी भिजवली. खणाने पहिल्या पाण्यात थोडा रंग सोडला. दुसऱ्या पाण्यात पांढरा रुमाल त्याच्यावर दाबून धरला, तेव्हा रुमालावर काही उतरले नाही. मोतिया झालरींना अंजिरी कापड शिवले जाणार असल्यामुळे ही खात्री आधी करून घेणे आवश्यक होते. मलमल लांबीत साधारण दोन इंच आटली. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच भरला. अर्धवट ओलसर असतानाच इस्त्री केली आणि उभा धागा सरळ आहे ना, हे आडवा धागा ओढून तपासले.

२४ सप्टेंबर

आजचा सगळा वेळ नमुन्यांवर गेला, आणि या कामात त्यापेक्षा मोलाचे काही नाही, असे मला वाटते. झालरीला किती पट कापड घ्यायचे, हा प्रश्न सगळे जण आधी विचारतात आणि उत्तर म्हणून ‘दुप्पट’ हा शब्द ठरलेला असतो. पण दुप्पट कापड मलमलीला कमी पडते आणि खणाला जास्त होते. प्रमाण कापडच ठरवते, आणि ते त्याच कापडाचा तुकडा ओढल्याशिवाय कळत नाही.

मलमलीच्या २० इंच लांबीच्या आणि ४ इंच उंचीच्या पट्ट्या कापल्या. पहिली १३ इंचांत ओढली, दुसरी १० इंचांत आणि तिसरी ८ इंचांत. १३ इंचांतली पट्टी झालर वाटतच नाही. इस्त्री न केलेल्या कापडासारखी ती चपटी पडते. १० इंचांची बरी आहे, पण खालची कड अजून सरळ रेषेत उतरते. ८ इंचांची, म्हणजे अडीच पटींची पट्टी मात्र खाली सुटताना स्वतःच गोल वळणे घेते. खणाची २० इंचांची पट्टी १३ इंचांतच ताठ उभी राहिली, आणि १० इंचांत ओढायला गेल्यावर चुण्यांचा जाड दोरखंड तयार झाला. शिवाय खणाच्या बुट्ट्यांचे उलट्या बाजूला सुटे धागे असतात, ते चुण्यांमध्ये अडकून बसतात. झालरी मलमलीच्याच, हे यावर ठरले.

दुसरी चाचणी धाग्याच्या दिशेची. एक पट्टी पन्ह्यातून आडवी कापली, म्हणजे तिच्यात उभा धागा झालरीच्या उंचीत वरून खाली येतो. दुसरी कापडाच्या लांबीतून कापली, म्हणजे उभा धागा झालरीच्या लांबीत आडवा धावतो. दोन्ही अडीच पटींत ओढल्या. पहिल्या पट्टीच्या चुण्या बारीक, सारख्या आणि खाली पडणाऱ्या निघाल्या. दुसरीच्या चुण्या मोठ्या, बाहेर फुगणाऱ्या आणि जरा हट्टी निघाल्या. कारण सरळ आहे. विणताना उभा धागा ताणात असतो, तो आडव्या धाग्यापेक्षा कडक असतो. तोच धागा वाकवून चुण्या पाडायच्या म्हटले की तो विरोध करतो, आणि तोच वरून खाली लोंबत असला की झालरीला वळण देतो. म्हणून सगळ्या पट्ट्या पन्ह्यातून आडव्या कापायच्या, जोड जास्त आले तरी चालतील.

गोल कापलेल्या झालरीचाही विचार केला. तिच्यात चुण्या नसतात. आतले वर्तुळ घेराच्या मापाचे आणि बाहेरचे त्याहून मोठे असल्यामुळे खाली लाटा पडतात. सर्वांत खालच्या झालरीसाठी घेर सुमारे पावणेएकोणपन्नास इंच आहे, म्हणजे आतली त्रिज्या पावणेआठ इंच येते. झालर साडेसात इंच उंच धरली तर बाहेरची त्रिज्या सव्वापंधरा इंच, आणि बाहेरची कड जेमतेम ९६ इंच भरते. सरळ पट्टीने मला १२६ इंचांची कड मिळणार आहे. शिवाय वर्तुळात कापडाचा काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका येतो, तो लोंबून ताणला जातो, आणि मलमलीसारख्या सैल कापडात कड काही दिवसांत वरखाली होते. जॉर्जेटला किंवा क्रेपला गोल झालर फार सुंदर दिसते. इथे ती नको.

२७ सप्टेंबर

हिशेब आणि बेतणे. आतल्या घेराची उंची १८ इंच, कमरेला २६ इंच आणि खाली ६० इंच. सहा कळ्यांत वाटल्यावर प्रत्येक कळी वर सव्वाचार इंचांहून किंचित जास्त आणि खाली १० इंच येते. माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारे कापड, वेगळी अर्धा-अर्धा इंच धरली. कमरेपासून ६ इंचांवर घेर सुमारे सव्वासदतीस इंच होतो आणि १२ इंचांवर सुमारे पावणेएकोणपन्नास. पहिली झालर कमरेच्या शिवणीत, दुसरी ६ इंचांवर, तिसरी १२ इंचांवर. प्रत्येक झालर तयार साडेसात इंच, म्हणजे वरची झालर खालचीच्या शिवणीवर दीड इंच येऊन ती झाकते आणि शेवटची आतल्या घेराच्या खाली दीड इंच उतरते.

तिन्ही झालरींना एकच प्रमाण द्यायचे नाही, हे मी मुद्दाम ठरवले. कमरेच्या शिवणीत खण, खणाचे अस्तर, केंब्रिक आणि झालर असे चार थर एकत्र येतात. तिथे अडीच पट कापड कोंबले तर मुलीच्या पोटाशी जाड वळकटी बसते आणि ती खाली वाकली की टोचते. म्हणून वरच्या झालरीला पावणेदोन पट, मधलीला दुप्पट आणि खालचीला अडीच पटींहून थोडे जास्त कापड दिले. डोळ्यालाही हे चांगले दिसते, कारण फुलोरा खाली वाढत जातो.

पट्टीची उंची सव्वाआठ इंच : तयार साडेसात, वर अर्धा इंच माया आणि खाली पाव इंच. पन्ह्याच्या दोन्ही किनारी काढून टाकल्यावर प्रत्येक पट्टी ४३ इंच राहिली. किनारीची वीण घट्ट असते, ती जोडात ठेवली तर धुतल्यावर आक्रसते. अशा सहा पट्ट्या निघाल्या. खालच्या झालरीला तीन, जोडाची माया वजा जाता १२६ इंच. मधलीला दोन, त्यांतून ७५ इंच घेऊन ९ इंच उरले. वरच्या झालरीला एक आणि या उरलेल्यातला ५ इंचांचा तुकडा, दोन्ही टोके दुमडून ४६ इंच. तो छोटा तुकडा मागच्या बाजूला, उघडणीच्या जवळ जाईल, त्यामुळे पुढून जोड दिसणार नाही. एकूण साडेएकोणपन्नास इंच मलमल लागली.

२८ सप्टेंबर

पट्ट्यांचे जोड बंद शिवणीने घातले. मलमलीतून आरपार दिसते, म्हणून साध्या शिवणीची मोकळी माया तिच्यात वाईट दिसते आणि दोरेही सुटतात. आधी उलट्या बाजू आतल्या बाजूला ठेवून पाव इंचाच्या आत टीप मारली, माया कातरून बारीक केली, मग पट्टी उलटवून पुन्हा टीप मारली, म्हणजे सगळे धागे आत बंद झाले. सुई ११ नंबरची, टाका दोन मिलिमीटरचा. १४ नंबरच्या सुईने मलमलीत भोके दिसतात.

खालच्या आणि मधल्या पट्टीचे टोक टोकाला जोडून त्यांची अखंड वळी केली. वरची पट्टी मोकळी ठेवली, कारण फ्रॉकची उघडण मागच्या मधल्या शिवणीत, बॉडीपासून खाली चार इंचांपर्यंत येणार आहे. तिची दोन्ही टोके बारीक दुमडून शिवली.

केंब्रिकच्या कळ्याही आज जोडल्या. एक शिवण पुढे मधोमध आणि एक मागे मधोमध येईल, अशी त्यांची मांडणी आहे.

३० सप्टेंबर

खालच्या कडेचे काम चुण्या पाडण्याआधीच करून घ्यायचे असते. चुण्या पडल्यावर कड मशीनखाली सपाट येत नाही. दोन पर्याय समोर होते. पहिला, पाव इंचाची दुहेरी दुमड. ती मजबूत असते, पण कापडाचे तीन थर झाल्यामुळे कड जड होते आणि लाटा मोठ्या व कमी पडतात. दुसरा पर्याय पिको. त्यात कड बारीक गुंडाळली जाऊन वर दाट टाका बसतो, कड हलकी राहते आणि मलमल मोकळेपणी वळते. दोन्हींचे नमुने हातात धरून हलवले आणि पिको निवडला.

घराजवळ साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या ताई आहेत. तिन्ही झालरी मिळून जवळजवळ २४७ इंच कड होते, म्हणजे सहा मीटरांहून जास्त, साडेपाच मीटरच्या साडीच्या लांबीपेक्षाही अधिक. साडीचा पिको तर फक्त दोन टोकांना असतो, त्यामुळे हे काम त्यांच्या नेहमीच्या कामाच्या मानाने बरेच मोठे आहे. दोरा अंजिरी दिला, म्हणजे मोतिया झालरीच्या कडेला खणाच्या रंगाची एक बारीक रेघ उमटेल. कापड मागून ओढू नका, मशीन नेईल तसे जाऊ द्या, एवढी एकच विनंती त्यांना केली. ओढून केलेला पिको भाजीच्या पानासारखा कुरळा होतो, आणि या फ्रॉकला तसा कुरळेपणा नको आहे.

२ ऑक्टोबर

दसरा. मशीन काल पुसून, तेल घालून ठेवले होते, आज त्याला हळद-कुंकू, झेंडूची फुले आणि आपट्याची पाने वाहिली. कात्री, टेप आणि सुयांची डबीही पूजेत मांडली. आज मशीन चालवायचे नाही. पिको होऊन आलेल्या पट्ट्या तेवढ्या तपासल्या. कड सपाट आणि टाका सारखा आहे.

४ ऑक्टोबर

चुण्यांच्या ओळी. मशीनचा टाका चार मिलिमीटरवर ठेवला आणि वरच्या दोऱ्याचा ताण दोन आकड्यांनी सैल केला. त्यामुळे खालचा दोरा कापडावर जवळजवळ सरळ पडून राहतो आणि ओढला की कापड त्याच्यावरून सरकते. बॉबिनमध्ये लाल पॉलिएस्टर दोरा भरला. ओढायचा कोणता हे लगेच दिसावे म्हणून लाल, आणि ओढताना तुटू नये म्हणून पॉलिएस्टर. टाका पाच मिलिमीटरचा ठेवला तर ओढायला सोपे जाते, पण चुण्या जाड येतात. तीनचा ठेवला तर चुण्या सुरेख बारीक येतात, पण अडीच पटींहून जास्त ओढताना दोऱ्यावर फार जोर पडतो.

ओळी दोन मारल्या : एक कडेपासून पाव इंचावर, दुसरी कडेपासून पाऊण इंचाच्या जरा अलीकडे. खरी शिवण अर्ध्या इंचावर, या दोन्हींच्या मधून जाईल. एकाच ओळीवर चुण्या पाडल्या तर त्या शिवणीखाली तिरक्या झोपतात. दोन ओळींनी प्रत्येक चुणी वर-खाली दोन ठिकाणी धरली जाते आणि सुईखाली उभी जाते. फरक इतका स्पष्ट असतो की दुसऱ्या ओळीचा कंटाळा कधीही करू नये.

खालच्या झालरीच्या ओळी एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत, अशा तीन तुकड्यांत मारल्या. अखंड १२६ इंचांचा दोरा ओढायचा म्हणजे मधल्या चुण्यांना पोहोचेपर्यंत टोकाच्या चुण्या चेंगरतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना बोटभर दोरे सोडले.

५ ऑक्टोबर

वाटणी. घेराला सहा कळ्या आहेत, त्यामुळे झालरीचेही सहा समान भाग केले आणि वरच्या कडेला मायेत छोट्या खाचा दिल्या. खालच्या झालरीत प्रत्येक भाग २१ इंचांचा, तो आठ इंचांहून किंचित जास्त रुंदीच्या जागेत बसायचा आहे. मधल्या झालरीत साडेबारा इंच सव्वासहा इंचांत. खुणा कळ्यांच्या शिवणींवर आणायच्या, पण झालरीचे जोड त्या शिवणींवर येऊ द्यायचे नाहीत. जोडाची बंद शिवण आणि कळीची शिवण एकावर एक आली की तिथे गाठ होते आणि सुई अडखळते. म्हणून जोड प्रत्येक वेळी कळीच्या मधोमध ठेवले. तिथे ते चुण्यांमध्ये दिसेनासे होतात.

घेरावर ६ आणि १२ इंचांच्या रेषा खडूने आखल्या. कळ्यांचा घेर पसरवला की ही रेषा सरळ नसते, कमानीसारखी असते, म्हणून प्रत्येक कळीत तीन ठिकाणी कमरेपासून टेप लावून खुणा केल्या आणि मग त्या जोडल्या.

ओढण्याचे काम हातानेच होते आणि घाईने होत नाही. दोन्ही लाल दोरे एकत्र चिमटीत धरायचे आणि दुसऱ्या हाताने कापड थोडे थोडे मागे सरकवत न्यायचे. दोरा ओढायचा नसतो, कापड सरकवायचे असते. प्रत्येक भाग मापात आला की टाचणीभोवती दोरा इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळून थांबवला. मग चुण्यांची वाटणी. दोन खाचांमधला भाग दोन्ही हातांनी वर-खाली असा ताणायचा, म्हणजे चुण्या उभ्या होतात, आणि नखाने एकेक सारत जिथे दाट तिथून विरळ जागी न्यायची. चुण्या सारख्या आहेत की नाहीत हे बघून जेवढे कळते त्याहून बोटांना जास्त कळते. डोळे मिटून ओळीवरून बोट फिरवले की मोकळी जागा लगेच लागते. मशीनला चुण्या पाडणारा खास पाय लावता येतो हे मला माहीत आहे, पण तो टाके मोजून चुणी पाडतो, कळीच्या मापात बसवून देत नाही. पडद्यासारख्या लांबलचक सरळ कामाला तो उपयोगी आहे.

८ ऑक्टोबर

खालची झालर घेराला जोडली. काम खालून वर करायचे, म्हणजे शिवलेली झालर पुढच्या शिवणीच्या आड येत नाही. झालर उलटी ठेवायची : सुलट बाजू घेराच्या सुलट बाजूवर, पिकोची कड कमरेकडे आणि चुण्यांची कच्ची कड खाली. अर्ध्या इंचावरची शिवण बरोबर खडूच्या रेषेवर येईल अशी टाचली. टाचण्या शिवणीला आडव्या, दर इंचाला एक. मशीनखाली घेर तळाला आणि झालर वर. झालर खाली ठेवली तर मशीनचे दाते चुण्या पुढे ढकलतात आणि आपल्याला ते दिसतही नाही.

टाका अडीच मिलिमीटरवर आणला, ताण पूर्ववत केला. प्रेशर फूटच्या अगदी पुढे शिवणयंत्राच्याच एका बोथट सुईने चुण्या उभ्या धरल्या. फूट चुण्यांवर चढताना त्या आपल्याकडे लोळतात, आणि ती सुई त्यांना जागेवर ठेवते. वेग इतकाच की प्रत्येक टाका बघता येईल. पूर्ण फेरी झाल्यावर उलटून पाहिले, कुठेही चुणी दुमडून शिवली गेलेली नाही. मग त्याच शिवणीच्या आत, कच्च्या कडेच्या बाजूला, पाव इंचावर झिगझॅग मारून कड पाव इंचापर्यंत कातरली. ही कड झालर खाली पडल्यावर घेर आणि झालर यांच्या मध्ये झाकली जाते, अंगाला लागत नाही.

शेवटी सुलट बाजूला दिसणारी चुण्यांची ओळ उसवून काढली. सैल ताणामुळे लाल दोरा एका टोकाने ओढताच सरळ निघून आला.

११ ऑक्टोबर

मधली झालर. खालची वर येऊ नये म्हणून ती घेरावर सपाट पसरून दोन-चार टाचण्यांनी धरली. बाकी सगळे त्याच पद्धतीने. झालर शिवणीवर उलटवून वरून आणखी एक टीप मारावी का, याचा विचार केला होता. तशी टीप झालरीला खाली दाबून ठेवते आणि जाड कापडात ती हवीच. मलमलीत मात्र चुण्यांचा उगमाजवळचा फुगा तिने मरतो, म्हणून मारली नाही.

१२ ऑक्टोबर

वरची झालर आणि कंबर. झालर या वेळी सुलटी, घेराच्या कमरेवर कडेला कड लावून आधी कच्च्या टाक्यांनी बसवली, आणि मग खणाच्या बॉडीला जोडली. शिवण झाल्यावर थरांची माया एकसारखी न कापता पायरी-पायरीने कापली : झालरीची सर्वांत आखूड, केंब्रिकची त्याहून मोठी, खणाची पूर्ण अर्धा इंच. माया वर, बॉडीच्या दिशेने वळवली आणि अस्तराची कड तिच्यावर दुमडून हाताने बारीक टाक्यांनी लावून टाकली. कमरेवरून बोट फिरवले तर जाडी लागते, पण वळकटी नाही. पावणेदोन पटींचा निर्णय इथे कामी आला.

१४ ऑक्टोबर

इस्त्री आणि अंगावर माप. झालरीवर इस्त्री कधीही आडवी फिरवत नाहीत. कापड किंचित ओले करून, कड हातात धरून, इस्त्रीचे टोक खालून चुण्यांच्या आत शिवणीपर्यंत न्यायचे आणि तिथेच उचलायचे. शिवणीची माया तेवढी दाबून सपाट केली.

फ्रॉक भाचीला घालून पाहिला. ती स्थिर उभी असताना तिन्ही कडा जमिनीपासून सगळीकडून सारख्या अंतरावर आहेत, आणि चालताना खालची झालर आधी हलते, मधली तिच्या मागून आणि वरची जवळपास स्थिर राहते. तिन्ही प्रमाणे वेगळी ठेवल्याचा हा परिणाम आहे. मागची उघडण नीट मिटते, हुक आज संध्याकाळी लावायचे आहेत.

भाचीच्या आईसाठी धुण्याची चिठ्ठी फ्रॉकबरोबर द्यायची आहे : थंड पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे, कमरेपाशी चिमटे लावून सावलीत वाळवावा आणि किंचित दमट असतानाच झालरी बोटांनी सोडवून घ्याव्यात. मलमलीची उरलेली पट्टी आणि अंजिरी दोरा दुरुस्तीसाठी त्याच पिशवीत ठेवला आहे.